आजारी फुलझाडाला आधी खत नको

फुलझाड मलूल दिसायला लागलं की माणसाचा एक हात पाण्याच्या झारीकडे जातो आणि दुसरा खताच्या डब्याकडे. दोन्ही हात मायेपोटीच जातात, पण कित्येक झाडं मरतात ती या मायेनेच. पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, हे सगळं वर दिसतं. कारण मात्र बहुतेक वेळा जमिनीखाली असतं. तिथे काय चाललंय ते न बघता वरून काहीबाही ओतत राहिलं तर बिघाड वाढतो. म्हणून या लेखात खत अगदी शेवटी येईल.

जास्वंद, गुलाब, मोगरा, तगर, अनंत, हायड्रेंजिया, अझेलिया यांच्या सवयी वेगळ्या असल्या तरी झुडूप म्हणून घडण सारखीच आहे. एका खोडाऐवजी बुडापासून निघालेल्या अनेक लाकडी फांद्या आणि त्या फांद्यांवर झोपलेले असंख्य डोळे. वरचा भाग गेला तरी खालचे डोळे जागे होऊ शकतात. अर्धमेलं झुडूप पुन्हा भरतं ते याच जोरावर.

झाड जिवंत आहे का?

पानं नाहीत म्हणजे झाड मेलं, असं नसतं. थंड प्रदेशातली बरीच झुडपं हिवाळाभर निष्पर्ण असतात आणि तरीही ठणठणीत असतात. खात्री करायची तर फांदीची साल नखाने किंचित खरवडा. सालीखाली हिरवट, ओलसर थर दिसला तर ती जागा जिवंत आहे. फांदीची जाडी वाढवणाऱ्या पेशी याच भागात असतात. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर फांदी तिथे मेली आहे. शेंड्यापासून सुरुवात करून थोडं थोडं खाली येत हीच चाचणी करा आणि हिरवं कुठून सुरू होतं ते बघून ठेवा. बहुतेक आजारी झुडपं वरून वाळलेली आणि बुडाशी हिरवी सापडतात, म्हणजे वाचवण्यासारखं बरंच काही शिल्लक असतं. सगळ्या फांद्या अगदी मातीपर्यंत तपकिरी निघाल्या तरी बुडाजवळची माती थोडी बाजूला करून तिथली साल एकदा तपासा.

कलमी झाडाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. कलमाच्या सांध्याच्या खालून आलेला फुटवा हा खुंटाचा, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलंय त्याचा असतो, तुमच्या आवडत्या गुलाबाचा नव्हे. तो जोमाने वाढतो, बघून बरं वाटतं, आणि हळूहळू वरच्या कलमाचं अन्नपाणी तोच खातो. सांध्याच्या वर काही जिवंत असेल तर खालचे फुटवे मुळापासून ओढून काढा. नुसते कापले तर पुन्हा येतात.

पिवळं पडलेलं पान नेमकं कुठलं?

“पानं पिवळी पडतायत, काय टाकू?” या प्रश्नाला उत्तर देण्याआधी विचारावं लागतं, कुठली पानं? जुनी, खालची की नवी, शेंड्याची?

नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात फिरू शकतात. त्यांचा तुटवडा झाला की झाड जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या पानांना देतं. म्हणून नत्र कमी पडलं की खालची पानं सगळीकडून सारखी फिकी होतात. मॅग्नेशियम कमी पडलं तरी सुरुवात जुन्या पानांपासूनच होते, पण तिथे शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. हरितद्रव्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमच असतं, त्यामुळे ते जुन्या पानांतून उचलायचं तर तिथलं हरितद्रव्य मोडावं लागतं. लोहाचं याच्या उलट आहे. पानात एकदा बसलेलं लोह सहसा हलत नाही, म्हणून त्याच्या अभावी नवी पानं पिवळी निघतात, त्यांवर हिरव्या शिरांची बारीक जाळी दिसते, आणि जुनी पानं मात्र हिरवीगार असतात.

लोह कमी पडलंय हे कळल्यावर लगेच लोह टाकायला धावू नये. मातीत लोह सहसा भरपूर असतं, फक्त ते विरघळलेल्या रूपात मिळत नाही. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक) एकाने वाढला की पाण्यात विरघळू शकणारं फेरिक लोह सुमारे हजार पटीने कमी होतं. चुनखडीच्या मातीत अझेलिया किंवा अनंत पिवळे पडतात ते यामुळे. सामू ठीक असूनही लोह मिळत नसेल तर मुळं पाण्यात गुदमरलेली असण्याची शक्यता मोठी. थोडक्यात, पानात दिसणारा अभाव हा मातीतला अभाव असेलच असं नाही. कोठार भरलेलं असतं आणि तिथून आणणारी मुळंच आजारी असतात.

बाकीची चिन्हं पटकन सांगतो. पानांच्या कडा आणि टोकं करपली असतील तर पाण्याची ओढाताण किंवा मातीत साठलेले क्षार. पानं आक्रसून वळली असतील तर रस शोषणारी कीड. गोल काळे किंवा तपकिरी डाग असतील तर बहुधा बुरशी. आणि महिनोन्‌महिने काम केलेली खालची दोन-चार पानं पिवळी होऊन गळली तर काहीही करू नका. सदाहरित झुडपंही पानं बदलतात.

मुळांकडे चला

पाणी कमी पडलं की झाड मान टाकतं. पाणी जास्त झालं तरी झाड मान टाकतं, आणि दोन्हींचं रूप हुबेहूब सारखं असतं. सगळा घोळ इथेच होतो.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असेल, म्हणजे माती वाफशावर असेल, तेव्हा मुळं खुशीत असतात. त्या पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की प्राणवायूचा पुरवठा जवळपास थांबतो, कारण पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. आधी मरतात ती सर्वांत बारीक पांढरी मुळं, आणि पाणी शोषण्याचं मुख्य काम तीच करत असतात. मग माती चिंब असूनही झाड तहानेने कोमेजतं. कोमेजलेलं दिसलं म्हणून आणखी पाणी दिलं जातं. फायटोफ्थोरा आणि पिथियम या मूळकूज करणाऱ्या जिवांना हेच हवं असतं, कारण त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत पुढच्या मुळापर्यंत पोचतात.

म्हणून झारी उचलण्याआधी मातीत बोट घाला, निदान ५ सेंटीमीटर. वरची माती कोरडी आणि खालची चिखलासारखी असणं अगदी नेहमीचं आहे. झाड कुठल्या वेळी कोमेजतं तेही बघा. भर दुपारी मान टाकून संध्याकाळी सावरणारं झाड फक्त उन्हाला तोंड देत असतं. सकाळी उन्हं यायच्या आधीच कोमेजलेलं झाड मात्र खरोखर अडचणीत असतं. रात्रभरात पानांतून पाणी फारसं उडत नाही, तरीही मुळांना भरपाई करता आली नाही असा त्याचा अर्थ.

कुंडीतल्या झाडाचं एक सुख आहे, मुळं थेट बघता येतात. माती किंचित ओलसर असताना कुंडी आडवी करा, बाजूंनी थापट्या मारा आणि मातीचा गोळा अलगद बाहेर सरकवा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट बदामी आणि टणक असतात. कुजलेली मुळं काळपट, मऊ असतात. चिमटीत धरून ओढलं की बाहेरचं आवरण निघून येतं आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. वासही आंबूस येतो. काही झाडांची मुळं मुळातच गडद रंगाची असतात, म्हणून रंगापेक्षा टणकपणावर भरवसा ठेवावा.

कूज दिसली तर मऊ झालेलं सगळं स्वच्छ कात्रीने टणक भागापर्यंत कापून टाका, जुनी चिखलट माती झाडून काढा आणि मोकळ्या, निचरा होणाऱ्या मिश्रणात झाड पुन्हा लावा. कुंडी मोठी घेण्याचा मोह आवरा. उरलेल्या मुळांना मावेल एवढीच घ्या, प्रसंगी आधीपेक्षा लहान. मोठ्या कुंडीतल्या ढीगभर ओल्या मातीतलं पाणी ही मूठभर मुळं पिऊ शकत नाहीत आणि कूज पुन्हा सुरू होते.

कूज नसेल आणि मुळांचाच गच्च वेटोळा दिसत असेल, तर ते वेगळं दुखणं. अशा कुंडीत माती नावालाच उरलेली असते, पाणी दिलं की कडेने निघून जातं. बाहेरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर धारदार सुरीने बाजूंनी आणि तळाकडून सरळ कापून काढा. क्रूर वाटतं, पण गोल फिरणारी मुळं तशीच ठेवली तर नव्या मातीतही ती गोलच फिरत राहतात. कापलेल्या टोकांतून नवी मुळं बाहेरच्या दिशेने निघतात.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत फार जुनी आहे आणि तिचा निचऱ्याला उपयोग होत नाही. भिजलेला स्पंज उभा धरला तर वरचं पाणी गळून जातं, पण खालच्या कडेला ओल टिकून राहते. मातीही तशीच वागते. बारीक कणांतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. मातीचा तळ पूर्ण भिजल्यावरच ते पुढे जातं. खडी टाकली की हा पाणथळ थर खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. तळापासून वरपर्यंत एकच मोकळं मिश्रण भरा. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

जमिनीतल्या झाडासाठी निचऱ्याची चाचणी अशी. झाडापासून थोडं दूर ३० सेंटीमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाणी किती वेगाने उतरतं ते मोजायचं. तासाला अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी उतरलं तर निचरा मंद आहे. अशा जागी झाडाला उंचवट्यावर लावणं हाच खरा उपाय. चिकणमातीत थोडी वाळू मिसळून काही साधत नाही, उलट माती आणखी घट्ट बसू शकते. कुजलेलं सेंद्रिय खत मिसळत राहिलं तर माती सावकाश पण नक्की मोकळी होते.

झाड फार खोल लावलंय का हेही बघायला हवं. खोडाचा मुळांकडे जाताना रुंदावणारा भाग मातीच्या पृष्ठभागावर दिसला पाहिजे. तो पुरला गेला असेल किंवा आच्छादनाचा ढीग खोडाला टेकला असेल, तर साल सतत ओली राहून कुजते आणि झाड वर्षानुवर्षं खुरटत जातं. इथे इलाज अगदी स्वस्त आहे: खुरपीने माती मागे ओढायची. आच्छादन जरूर घाला, ५ ते ७ सेंटीमीटर जाडीचं, पण खोडाभोवती चार बोटं मोकळी सोडून.

मुळं बघताना बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचं काम असू शकतं. शेंगवर्गीय झुडपांच्या मुळांवर हवेतलं नत्र झाडाला मिळवून देणाऱ्या उपयोगी गाठीही असतात, त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात आणि खरवडल्या की सुटून येतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळाचाच फुगलेला भाग, ती सुटत नाही.

पाणी आणि ऊन

मुळं तपासल्यावर पाण्याचं कोडं अर्धं सुटलेलं असतं. वेळापत्रक ठरवून पाणी देणं मला कधीच पटलेलं नाही. झाडाची तहान ऊन, वारा, पानांची संख्या आणि मातीचा पोत यांवर ठरते, वारावर नाही. द्यायचं तेव्हा भरपूर द्या, कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत, आणि मग वरची माती सुकेपर्यंत थांबा. रोज घोटभर पाण्याने फक्त वरचा थर भिजतो, मुळंही तिथेच वर राहतात आणि एका कडक दुपारी होरपळतात. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका.

कोकोपीट किंवा पीटचं मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी धरेनासं होतं. वरून ओतलेलं पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली जातं आणि आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यायलं. अशी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी, मग पूर्ण निथळू द्यावी. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पापुद्री जमली असेल तर ते साठलेले क्षार. पापुद्री खरवडून काढा आणि कुंडीच्या आकारमानाच्या काही पट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन जाऊ द्या. हे अर्थातच निचरा सुधारल्यावर करायचं.

उन्हाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बहुतेक फुलझुडपांना दिवसाला सहा तास थेट ऊन हवं. पानं हिरवीगार, फांद्या लांबलचक आणि फुलं नाहीत, असं चित्र असेल तर ऊन कमी पडतंय. लावताना ऊन होतं म्हणून आजही आहे असं धरू नका, शेजारची झाडं वाढलेली असतात. सावलीतून उन्हात हलवताना दोनेक आठवड्यांत टप्प्याटप्प्याने हलवा, नाहीतर पानं भाजतात. आणि नुकतीच मुळं कापलेलं झाड काही दिवस सावलीतच बरं.

कीड आणि बुरशी

रस शोषणाऱ्या किडी बहुधा पानांच्या मागे, कोवळ्या शेंड्यांवर आणि पेरांच्या बेचक्यांत लपतात. त्या आहेत हे सहसा तीन गोष्टींवरून कळतं: पानांवरचा चिकटपणा, खोडावर मुंग्यांची ये-जा आणि पानांवर धरलेली काजळी. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि पांढरी माशी झाडाचा रस पितात आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. त्यावर काळी बुरशी वाढते. मुंग्या ती साखर खायला येतात आणि बदल्यात या किडींचं त्यांच्या शत्रूंपासून रक्षण करतात. म्हणून मुंग्यांची वाट बंद केली की ढालकिडे आणि त्यांच्या अळ्यांना काम करायला वाव मिळतो.

पहिला उपाय साधा पाण्याचा फवारा, जोरदार आणि पानांच्या मागच्या बाजूने. मावा यानेच बराच जातो. मात्र माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि उबदार हवेत ती पिल्लं आठवडाभरात प्रौढ होतात, त्यामुळे एकदा धुऊन भागत नाही. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचं आवरण असतं, पाणी त्यावरून घसरतं. तिथे साबणाचं सौम्य द्रावण लागतं. साबण कीटकाच्या अंगाला लागला आणि ओला असेपर्यंतच काम करतो. अंडी त्यातून वाचतात, म्हणून दर पाच-सात दिवसांनी पुन्हा फवारणी करावी लागते. कपड्यांची किंवा भांड्यांची डिटर्जंट पावडर वापरू नका, ती पानांवरचं नैसर्गिक मेण धुऊन काढते. आणि काहीही फवारण्याआधी चार पानांवर लावून एक दिवस थांबा.

कडुनिंबाच्या बियांतलं अझाडिरॅक्टिन किडीची भूक मारतं आणि तिला कात टाकू देत नाही. ते झटपट मारत नाही. फवारल्यानंतर दुसऱ्या दिवशी कीड दिसली म्हणून औषध बिनकामाचं ठरवणं चूक आहे. उन्हात ते लवकर निष्प्रभ होतं, म्हणून संध्याकाळी फवारावं. त्या वेळी मधमाश्याही फिरत नसतात.

पानांवर असंख्य बारीक फिके ठिपके आणि मागे नाजूक जाळं असेल तर पानांचा रस शोषणारा अगदी बारीक कोळी. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, ठिपके चालायला लागले की खात्री पटते. हा कीटक नव्हे, याला आठ पाय असतात, आणि बरीच कीटकनाशकं त्याला मारण्याऐवजी त्याला खाणाऱ्यांना मारतात. फवारणीनंतर कोळी वाढल्याची तक्रार त्यामुळेच ऐकू येते. कोरडी, धुळकट, गरम हवा त्याला मानवते. पानं मागून-पुढून धुणं हा त्यावर चांगला उतारा आहे.

जास्वंदीच्या कळ्या न उमलताच पिवळ्या होऊन गळत असतील तर गळलेली कळी नखाने उघडून बघा. आत बारीक अळ्या वळवळताना दिसल्या तर कळीत अंडी घालणारी एक चिमुकली माशी त्याला कारण आहे. या अळ्या पुढे मातीत कोष करतात, म्हणून गळलेल्या कळ्या रोज गोळा करून पिशवीत घट्ट बांधून टाकणं फवारणीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. अळ्या नसतील तर फुलकिडे किंवा पाण्याची ओढाताण यांच्याकडे वळा.

बुरशीचे दोन नेहमीचे रोग एकमेकांच्या अगदी उलट वागतात. गुलाबावरच्या काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजण्यासाठी पान सलग सात तास तरी ओलं राहावं लागतं. भुरीला, म्हणजे पानांवर पांढऱ्या पुडीसारख्या पसरणाऱ्या बुरशीला, मात्र पानावर पाणी नकोच असतं, दमट हवा आणि कोंदट गर्दी पुरते. दोन्हींना फांद्यांमधून खेळणारा वारा नडतो. पाणी पानांवर न देता बुडाशी आणि सकाळी द्यावं ते पहिलीसाठी. दाटी कमी करावी ती दोन्हींसाठी. विषाणूचा रोग असेल, म्हणजे पानांवर पिवळ्या-हिरव्या नक्षीसारखे पट्टे आणि वाकडीतिकडी वाढ, तर त्यावर औषध नाही.

छाटणी: कधी, किती, कुठे

मेलेल्या, कुजलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या वर्षात केव्हाही काढा. त्यापुढच्या छाटणीला मात्र घाई नको. आजारी झाडाची पानं हा त्याचा एकमेव कमावता अवयव आहे, आणि खोडात-मुळांत साठवलेलं पिष्ट ही त्याची शिल्लक. एका वेळी एकूण वाढीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलं तर दोन्हींना धक्का बसतो.

छाटल्यावर झाड भरतं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि फांदीतून खाली वाहत राहतं. जोवर ते वाहतं तोवर खालचे डोळे दबलेले राहतात. शेंडा कापला की हा दाब उठतो आणि कापाखालचे दोन-तीन डोळे फुटतात. एका फांदीच्या तीन होतात. म्हणून कुठे कापायचं हे डोळा बघून ठरवा: झुडपाच्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटीमीटर वर. जास्त वर कापलं तर वरचं थोटूक वाळतं, अगदी चिकटून कापलं तर डोळाच वाळतो.

वेळ कशी ठरवायची? झुडूप फुलं कुठल्या फांदीवर देतं, त्यावरून. जास्वंद आणि बहुतेक आधुनिक गुलाब चालू हंगामातल्या नव्या फांद्यांवर फुलतात. त्यांना वाढीच्या हंगामाच्या तोंडावर छाटावं. लायलॅक, फोर्सिथिया, अझेलिया आणि मोठ्या पानांची हायड्रेंजिया मागच्या हंगामात धरलेल्या कळ्यांवर फुलतात. यांना फुलोऱ्याच्या आधी छाटलं तर त्या वर्षीची फुलंच कापली जातात, म्हणून फुलं संपल्या संपल्या छाटावं. “झाड तर छान आहे पण फुलत नाही” या तक्रारीमागे बऱ्याचदा चुकीच्या महिन्यातली कात्री असते.

जुनाट, बुडाशी उघडं पडलेलं झुडूप एका दिवसात तरुण करायला जाऊ नका. दरवर्षी सर्वांत जाड, जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश अगदी बुडापासून काढा. तीन वर्षांत सगळं झुडूप नवं होतं आणि दर वर्षी फुलंही मिळतात. हा नियम सगळ्यांना लागू नाही. लॅव्हेंडर आणि रोझमेरी जुन्या, पानं नसलेल्या लाकडातून सहसा फुटत नाहीत. तिथे हिरवी पानं आहेत त्याच्या वरच थांबायचं.

कापलेल्या जागी रंग, डांबर किंवा लेप लावण्याची गरज नसते. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून अभ्यासली आणि दाखवलं की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड इजा झालेल्या भागाभोवती भिंती उभारतं आणि कूज तिथेच अडवतं. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या या मांडणीनंतर जखमेवरचे लेप कूज रोखत नाहीत हे बागकामातही मान्य होत गेलं. हत्यार धारदार ठेवणं आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसणं, यात जास्त हित आहे.

आता खत

नवे, टणक फुटवे दिसू लागले म्हणजे मुळं कामाला लागली. खताची वेळ आता आली. आधी का नाही? रासायनिक खत म्हणजे क्षार. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते पाणी आत ओढणं अवघड होतं, आणि प्रमाण फारच वाढलं तर पाणी मुळांतूनच बाहेर जातं. दुखावलेल्या मुळांना हे सोसत नाही. शिफारस केलेल्या मात्रेच्या अर्ध्याने सुरुवात करा, ओल्या मातीत, किंवा नुसतं मुरलेलं कंपोस्ट वरून पसरा.

झाडाची वाढ सर्वांत कमी असलेल्या घटकावर अडते, हे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल स्प्रेंगेल यांनी १८२८ च्या सुमारास मांडलं आणि पुढे युस्टुस फॉन लीबिग यांनी जगभर नेलं. ज्याचा तुटवडाच नाही ते कितीही ओतलं तरी फरक पडत नाही. म्हणून एप्सम सॉल्ट हे सर्व रोगांवरचं औषध नव्हे. त्यातून फक्त मॅग्नेशियम आणि गंधक मिळतं, आणि मॅग्नेशियम कमी असेल तरच त्याचा उपयोग. फुलांसाठी म्हणून विकली जाणारी भरमसाट स्फुरदाची खतंही मी टाळेन. बागेच्या मातीत स्फुरद सहसा पुरेसं असतं, आणि ते जास्त झालं की लोह आणि जस्त मिळेनासं होतं. नत्राचा अतिरेक झाला तर पानं उदंड, फुलं नगण्य आणि माव्याला मेजवानी. अंड्याची टरफलं निरुपद्रवी आहेत, पण त्यांतलं कॅल्शियम इतक्या सावकाश सुटतं की आजारी झाडाच्या हाती या हंगामात काही लागत नाही.

किती वाट बघायची

सुधारणा आधी खाली होते, मग वर. मुळं सावरेपर्यंत काही आठवडे झाड नुसतं उभं राहतं, आणि याच काळात माणसाचा धीर सुटून दुसरा, तिसरा उपाय सुरू होतो. एकदा केलेला बदल तसाच ठेवा, निदान महिनाभर. जुनी पिवळी पानं पुन्हा हिरवी होतील अशी अपेक्षा ठेवू नका, नव्या पानांचा रंग आणि आकार बघा. अशक्त झाडावर कळ्या आल्या तर सुरुवातीच्या खुडून टाका. जिवावर बेतलेलं झाडही कधीकधी फुलतं, आणि फूल पोसण्याची ताकद अजून मुळांना लागते.

झाड वाचेल की नाही याची खात्री नसेल तर त्याच्या निरोगी फांद्यांच्या काड्या आजच लावून ठेवा. फार कोवळी नाही, फार जून नाही अशी १० ते १५ सेंटीमीटरची फांदी घ्या, खालचा काप पेराच्या जरा खाली, वर दोन पानं ठेवून बाकीची काढलेली, कळ्या खुडलेल्या. मोकळ्या, ओलसर मिश्रणात, थेट ऊन नसलेल्या जागी, वरून पारदर्शक पिशवीचं झाकण. जास्वंदीला साधारण महिना-दीड महिन्यात मुळं सुटतात. विषाणूने ग्रासलेल्या झाडाच्या काड्या मात्र घेऊ नयेत, रोगही सोबत येतो.

आणि झाड गेलंच, तेही मूळकुजीने, तर त्याच खड्ड्यात लगेच तसंच दुसरं लावू नका. फायटोफ्थोराचे सुप्त बीजाणू मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, आणि गुलाब काढून तिथे पुन्हा गुलाब लावला तर रोग दिसत नसतानाही नवं रोप खुरटतं हे माळ्यांना चांगलं माहीत असतं. मुळांसकट जुनी माती काढून टाका, निचरा दुरुस्त करा आणि तिथे वेगळ्या कुळातलं झाड लावा. कुंडी वापरायची असेल तर आधी घासून स्वच्छ धुवा, कडक उन्हात वाळवा आणि आतली जुनी माती दुसऱ्या कुंड्यांमध्ये वाटू नका.